पारनेरहून अक्सुमला

पारनेरच्या एसटी स्टँडजवळ, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर आमचा टायपिंगचा क्लास आहे. दाराशी माझ्या नवऱ्याचं झेरॉक्स मशीन आणि आत कॉम्प्युटरच्या दोन रांगा. सकाळी मराठी तीस-चाळीस स्पीडच्या परीक्षेची मुलं येतात, संध्याकाळी इंग्रजीची. मधली दुपार रिकामी. मी लग्न होऊन आले तेव्हा इथे लोखंडी टाइपरायटर होते आणि त्यांच्या खडखडाटात खालच्या मेडिकलवाल्याला गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू यायचं नाही. तेव्हापासून मी टाइप करते आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, कॉलेजच्या पोरांचे प्रबंध. सगळं दुसऱ्यांचं. मजकूर डोळ्यांतून आत यायचा आणि बोटांतून निघून जायचा. तो काय होता, हे मला संध्याकाळी विचारलं तर सांगता आलं नसतं.

एकदा एम.ए. करणाऱ्या एका मुलीने आफ्रिकेच्या इतिहासाच्या नोट्स टाइप करायला दिल्या. अक्षर असं गिचमिड, की एका जागी राज्याचं नाव लागेना. म्हणून मी मोबाईलवर शोधलं. इंटरनेटवर तो मुक्त ज्ञानकोश आहे ना, जो कुणीही वाचावा आणि कुणीही त्यात लिहावं, त्यात मराठीत एक पान निघालं. "अक्सुम हे आफ्रिकेतील एक प्राचीन राज्य होते." बस. पुढे काही नाही. नाव मिळालं, पण मी त्या पानाकडे बघतच राहिले. त्या मुलीच्या नोट्समध्ये केवढं काय काय होतं! एकेका अखंड दगडातून घडवलेले उंच स्तंभ, सोन्याची नाणी, तांबड्या समुद्रावरचं बंदर, तिथून आपल्याकडे चाललेला व्यापार. आणि मराठीत शोधणाऱ्याला मिळणार एक ओळ.

पानाच्या वरच्या बाजूला 'संपादन' असं लिहिलं होतं. मी त्यावर बोट ठेवलं. पांढरा चौकोन उघडला. माझा स्पीड तालुक्यात कुणालाही विचारा, पण त्या दुपारी माझी बोटं हलेनात. समोर बघून टाइप करायला काही नव्हतं. वाक्य माझं मलाच करायचं होतं. बऱ्याच वेळाने मी एक वाक्य लिहिलं, ते जतन केलं आणि कुणी पाहत तर नाही ना, म्हणून उगीचच दाराकडे बघितलं. नवरा आधार कार्डाच्या झेरॉक्स काढत होता.

त्या एका वाक्यापासून मला नाद लागला. दुपारी क्लास रिकामा झाला की मी शेवटच्या कॉम्प्युटरवर बसायची. नगरला कामासाठी गेले की ग्रंथालयात जाऊन पुस्तकं आणायची. चुना न वापरता दगडावर दगड रचून बांधलेलं झिम्बाब्वेतलं शहर, वाळवंटाच्या कडेच्या टिंबक्टूमधली हस्तलिखितं, पूर्व किनाऱ्यावरची व्यापारी गावं, एकेक पान वाढत गेलं. पैपाहुणे विचारायचे, "आफ्रिकाच का? शिर्डीवर लिहा, किल्ल्यांवर लिहा." मी म्हणायची, त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. पण खरं कारण मलाही हळूहळूच कळत गेलं. आमच्या नगरच्या इतिहासात निजामशाहीतले हबशी सरदार येतात. शाळेत त्यांच्या लढाया शिकवल्या, पण हबशी म्हणजे कुठले, त्यांच्या मागे कोणता देश, कोणती माणसं, कोणती भाषा, हे कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. ती माणसं जणू थेट नगरच्या किल्ल्याच्या दारात जन्माला आली असावीत! हबश म्हणजे आजचा इथिओपियाचा भाग, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

अक्सुमचं पान मी सगळ्यात जास्त जीव लावून लिहिलं, त्या राज्याचं आणि त्याच नावाच्या, आजही नांदत्या राजधानीच्या गावाचं. ते पूर्ण झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी पानाच्या डोक्यावर एक पिवळा फलक लागला. 'हा मजकूर यंत्राने भाषांतर केलेला दिसतो. भाषा न सुधारल्यास पान काढून टाकले जाईल.' फलक लावणारे संपादक जुने होते. खरं नाव कुणालाच ठाऊक नाही, पण सगळे त्यांना वचकून असायचे.

मला रडूच आलं. नवऱ्याला म्हटलं, "एवढं राबून लिहिलं आणि हे म्हणतात मशीनने लिहिलंय."

तो हातातलं काम ठेवून म्हणाला, "वाच बघू मोठ्याने."

मी वाचायला लागले. "या स्तंभांची निर्मिती तत्कालीन राजांद्वारे केली गेली होती, जे की..."

"थांब. काय केली गेली होती?"

"निर्मिती."

"म्हणजे राजांनी खांब उभे केले?"

"हो."

"मग तसं लिही की. स्टँडवर उभं राहून तू कुणाला सांगशील का, की एसटी ड्रायव्हरद्वारे आणली गेली?"

मला हसू आलं. रागही आला, कारण त्याचं खरं होतं. इंग्रजी पुस्तकं वाचून लिहिताना माझ्या मराठीला नकळत तशीच वळणं पडली होती. मग आमचं ठरूनच गेलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी वाचायची आणि तो ऐकायचा. त्याला कळलं तर वाक्य राहायचं, नाहीतर पुन्हा लिहायचं. त्याच्या कपाळावर आठी पडली की मला पुढचं विचारायचीसुद्धा गरज नसे. असं करत सगळं पान नव्याने लिहून काढलं. पिवळा फलक गेला. त्या जुन्या संपादकांनी खाली दोनच शब्द लिहिले होते, 'आता ठीक.' ते दोन शब्द मी नवऱ्याला तीनदा दाखवले.

पुढे काही महिन्यांनी त्या पानाला जोडलेल्या चर्चेच्या पानावर इंग्रजीतून एक निरोप आला. "तुम्ही माझ्या गावाबद्दल लिहिलं आहे. आभार. पण नाव तुम्ही इंग्रजीवरून घेतलं आहे. आम्ही घरी तसं म्हणत नाही." मी उत्तर दिलं, तिने पुन्हा लिहिलं. दोन-चार निरोपांनंतर कळलं की ही मुलगी इथिओपियात नाहीच. आमच्याच जिल्ह्यातल्या कृषी विद्यापीठात ती ज्वारीवर पीएच.डी. करते आहे. मी खुर्चीतून उठलेच. आफ्रिकेतली म्हणून जिला मी दूरदेशी समजत होते, ती एसटीने एका सकाळीत पोचावं एवढ्या अंतरावर होती. मी लिहिलं, "रविवारी जेवायला ये."

ती आली. नवरा तिला स्टँडवर घ्यायला गेला होता. उंच, सडसडीत, केसांच्या बारीक वेण्या डोक्याला लागून घातलेल्या, तिशीची असेल. मी इंग्रजीची मनात तयारी करून बसले होते. ती चपला काढून आत आली, माझ्या सासूबाईंच्या पाया पडली आणि म्हणाली, "आजी, बऱ्या हाय का? म्या लई दिसांनी घरात जेवाया आली."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "अगं बया! ही तर आपल्यातलीच हाय."

मराठी ती विद्यापीठाच्या शेतावर खुरपायला येणाऱ्या बायकांकडून शिकली होती. दिवसभर त्यांच्या बरोबरीने ज्वारीत उभी राहायची, त्यामुळे तिची मराठी पुस्तकातली नव्हती, बांधावरची होती. माझं बोलणं तिला जरा अवघड जायचं, सासूबाईंचं सरळ कळायचं.

तिला हे पान कसं सापडलं, ते तिने जेवायच्या आधीच सांगितलं. वसतिगृहाच्या मेसमधल्या काकू तिला रोज विचारायच्या, "तुझं गाव कसं गं हाय?" तिला सांगता यायचं नाही. शब्द अपुरे पडायचे. मग एकदा तिने मोबाईलवर मराठी अक्षरांत गावाचं नाव टाकून बघितलं, तर आख्खं पान निघालं. तिने मोबाईल काकूंच्या हातात दिला. काकूंनी पोळ्या लाटायच्या थांबवून, ओठ हलवत ते पूर्ण वाचलं आणि म्हणाल्या, "तू एवढ्या मोठ्या गावची हायेस व्हय? मग सांगायचं न्हाई का!"

हे ऐकताना मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. माझं लिहिलेलं कुणी वाचतं की नाही, हे मला कधीच कळलं नव्हतं. आता मला मेसमधल्या त्या काकू दिसत होत्या, पीठ लागलेल्या हातात मोबाईल धरलेल्या.

"पण तुला देवनागरी वाचायला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"शिकवाया कशाला पायजे? आमचं पन असंच हाय." तिने कागद मागून घेतला आणि त्यांच्या लिपीतलं 'ल' काढलं. मग त्याच अक्षराला कुठे शेपूट, कुठे पाय, कुठे गाठ जोडत ती एका चालीवर म्हणत गेली, ल, लू, ली, ला, ले, ल्, लो. मी थक्क होऊन बघत होते. ही बाराखडीच होती! आमच्यापेक्षा थोडी आखूड, पण बाराखडीच. एक व्यंजन घ्यायचं आणि त्याला स्वर जोडत जायचं. त्यांच्याकडची मुलंही अशीच ओरडून पाठ करतात, म्हणाली. मी खालच्या ओळीत आपलं ल, ला, लि, ली लिहिलं. इतकी वर्षं मी मुलांना टायपिंग शिकवते, काना-मात्रा कुठल्या बोटाने मारायची ते सांगते, पण अक्षरांचं हे नातं मला कधी दिसलं नव्हतं.

स्वयंपाकघरात सासूबाई भाकरी थापायला बसल्या. पाहुणी शेजारी उकिडवी बसून बघत होती. "मशेला," ती म्हणाली, पिठाला हात लावून.

"काय म्हनती?"

"ज्वारी. आमच्या भाषेत मशेला."

"ही मालदांडी हाय. पारनेरची." सासूबाई ठामपणे म्हणाल्या.

मग पाहुणीने त्यांना सांगितलं की ज्वारी मुळात आफ्रिकेतली आहे. हजारो वर्षांपूर्वी तिथल्या माणसांनी रानातल्या गवतातून ती निवडून पेरली, वाढवली आणि मग ती समुद्रापलीकडे इकडे आली. तिचा अभ्यास तोच होता, कमी पावसात तगणारे वाण. सासूबाईंचा हात परातीत थांबला. मला वाटलं, आता त्या वाद घालणार. पण त्या म्हणाल्या, "म्हंजे तुमच्याकडनं आली व्हय? मग बाई, लई उपकार झाले तुमचे. हिच्यावरच आमचे सगळे दिस गेले." आणि पहिली भाकरी तिच्या ताटात टाकली.

जेवताना तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. तिने घास हातात तसाच ठेवून फोन उचलला. नंतर तिने सांगितलं, की तिच्या भागात मध्यंतरी लढाई पेटली होती आणि त्या दिवसांत घरचा फोन लागायचाच नाही. कुणी आहे की नाही, तेही कळायचं नाही. तेव्हापासून आईचा फोन ती कधी चुकवत नाही. पडद्यावर पांढरी ओढणी घेतलेली एक बाई दिसली. मुलीने फोन आधी ताटाकडे वळवला, मग चुलीकडे, मग सासूबाईंकडे. तिकडून आई काहीतरी भराभरा बोलायला लागली. इकडून सासूबाई म्हणाल्या, "काळजी करू नका. पोरगी वाळलीय जरा, पर आमी हाय." दोघींनाही एकमेकींचा एक शब्द कळला नसेल. बोलणं मात्र बराच वेळ चाललं.

जाण्याआधी तिने पिशवीतून कॉफीच्या हिरवट बिया काढल्या आणि आमच्याच तव्यावर भाजल्या. घरभर धूर आणि असा वास, की शेजारीण डोकावून गेली. "बुन," ती म्हणाली. मला एकदम आठवलं, की जुन्या मराठीत कॉफीच्या बियांना बुंद म्हणायचे. सासूबाईंनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि हळूच साखरेचा डबा पुढे ओढला.

त्या दिवशी मी भाकरी थापणाऱ्या सासूबाईंच्या हातांचा फोटो काढला होता. त्यांना विचारून तो ज्ञानकोशात चढवला. आज तो ज्वारीच्या आणि भाकरीच्या पानांवर आहे, दोन-तीन परक्या भाषांतही. सासूबाईंना दाखवला तेव्हा त्यांनी निरखून बघितला आणि म्हणाल्या, "बांगड्या तरी बऱ्या घातल्या असत्या."

नावाचा प्रश्न मात्र राहिलाच होता. पाहुणीच्या घरी बोलतात त्या तिग्रिन्या भाषेत गावाला 'अख्सुम' म्हणतात. तो 'ख' आपल्या खटाऱ्यातला नव्हे, घशातून घासत येणारा. आमच्या क्लासला येणारी मोमीन गल्लीतली मुलगी घरी 'खबर', 'खाला' म्हणते, तसा. मी पानाच्या पहिल्या ओळीत तो उच्चार लिहिला. संध्याकाळी बघते तर जुन्या संपादकांनी तो काढून टाकला होता. 'संदर्भ?' एवढंच विचारलं होतं.

मी लिहिलं, 'तिथल्याच रहिवाशाने सांगितले आहे.'

उत्तर आलं, 'ओळखीच्या माणसाने सांगितले, हा संदर्भ होत नाही. छापील आधार द्या.'

मी चिडले. ज्या गावची मुलगी माझ्या घरी जेवून गेली, तिच्या गावाचं नाव तिने सांगितलेलं चालत नाही म्हणजे काय? नवऱ्यापुढे तणतणले.

तो शांतपणे म्हणाला, "त्यांचं बरोबर आहे. उद्या मी सांगेन की पारनेरात पूर्वी समुद्र होता. मी इथलाच रहिवासी. लिहिशील?"

"तू थापा मारतोस हे मला माहीत आहे."

"तुला आहे. वाचणाऱ्याला कसं कळणार?"

त्याच सुमाराला आमच्या जिल्ह्याचं नाव बदलून अहिल्यानगर झालं होतं. ज्ञानकोशात त्याही पानांवर रोज नवी-जुनी नावं मागेपुढे होत होती. स्टँडवर कंडक्टर अजूनही "नगर, नगर" ओरडतो आणि बोर्डावर नवं नाव असतं. एका गावाला एकाच वेळी किती नावं असतात आणि ती सगळीच कुणाची तरी खरी असतात, हे मी रोज बघत होते. म्हणून मी भांडण सोडून आधार शोधायला लागले. इकडच्या ग्रंथालयांत काही मिळालं नाही. पाहुणीने तिच्या गावातल्या जुन्या मास्तरांना कळवलं. त्यांच्या घरातली पुस्तकं लढाईच्या दिवसांत बरीच गेली होती. पण त्यांनी कुणाकुणाकडे विचारून तिग्रिन्या भाषेचा एक छापील कोश मिळवला आणि गावाचं नाव असलेल्या पानाचा आणि मुखपृष्ठाचा फोटो काढून पाठवला. मी ते सगळं संदर्भात नीट दिलं आणि वाट बघत बसले.

दुसऱ्या दिवशी निरोप होता. 'उत्तम. शीर्षक राहू द्या. पहिल्या ओळीत स्थानिक उच्चार लिहा, बाकी नावं 'नाव' या विभागात घ्या.' आणि खाली आणखी एक ओळ, जी मी अजिबात अपेक्षिली नव्हती. 'न्यूबियाचे पान रिकामे आहे. आपण दोघे मिळून करू या का?'

त्या जुन्या संपादकांबरोबर मी आता न्यूबियाचं, इजिप्तच्या दक्षिणेला नाइलकाठी असलेल्या त्या प्राचीन प्रदेशाचं पान लिहिते आहे. ते बाई आहेत की पुरुष, राहतात कुठे, मला अजून ठाऊक नाही. माझं एखादं 'द्वारे' सापडलं की ते तांबडी खूण करतात. त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ मी सुधारते. त्यावर ते 'धन्यवाद' लिहितात, तेही दीर्घ काळ विचार करून लिहिल्यासारखं.

पाहुणीचा प्रबंध स्वीकारला गेला आणि ती परत गेली. निघायच्या आधी येऊन सासूबाईंना भेटली, त्यांनी तिला खणाची चोळी आणि लसणाची चटणी दिली. आता ती तिच्या भागातल्या संशोधन केंद्रात काम करते. लढाईत ज्यांचं बियाणं संपलं, त्या गावांत फिरून म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडे उरलेले ज्वारीचे जुने वाण गोळा करते. कणसांचे फोटो पाठवते. पांढरी, तांबूस, वाकलेली, ताठ. सासूबाई एकेक फोटो बोटाने मोठा करून बघतात आणि दाणा कसा असेल याचा अंदाज सांगतात. मी तो तिला कळवते.

गेल्या महिन्यात आमच्याच जिल्ह्यातल्या कर्जतच्या एका कॉलेजातून इतिहासाच्या सरांचा फोन आला. ते आफ्रिकेचा धडा शिकवत असताना मुलांनी माझी पानं वाचली होती आणि ज्ञानकोशातच निरोप टाकून सरांनी माझा नंबर मिळवला होता. "मुलांना लिहायला शिकवाल का?" मी भाषण करणारी बाई नाही. नवरा म्हणाला, "भाषण कशाला? मला वाचून दाखवतेस तसं वाच." मी एसटीने गेले.

कॉम्प्युटरच्या खोलीत वीसेक मुलंमुली होती, बहुतेक आसपासच्या खेड्यांतली. काहींचे आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले. मी त्यांना रिकामी पानं दाखवली, पुस्तकं दिली आणि म्हटलं, एकेक घ्या. पहिला अर्धा तास कुणीही टाइप केलं नाही. मी घाई केली नाही. मग खिडकीजवळच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, वाळवंटातनं मिठाचे तांडे जायचे, त्यांच्यासंगं बायका-पोरं पन जायची का?"

मला माहीत नव्हतं. "पुस्तकात शोध," म्हटलं. "सापडलं तर लिही, आणि कुठे सापडलं तेही लिही."

ती पानं उलटायला लागली. शेजारचा मुलगाही तिच्या पुस्तकात डोकावला. हळूहळू खोलीत कळा वाजायला लागल्या, एक, मग दोन, मग सगळीकडून. मध्येच वीज गेली, सगळे ओरडले, आली तशी पुन्हा बसले. कॉलेज सुटायची वेळ झाली. शिपाई किल्ल्या घेऊन दारात येऊन उभा राहिला, पण जागचं कुणी हलेना. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि त्याला म्हणाले, "मामा, बसा जरा. अजून अर्धा तास लागेल."